यादीतून काढताना

प्रोग्रामिंग शिकवणाऱ्या पुस्तकांत यादी बनवणं, तिच्यात भर घालणं, ती क्रमानं लावणं, तिच्यात शोधणं या सगळ्याला भरपूर पानं मिळतात. यादीतून काढणं अर्ध्या पानात उरकतं. एक सूचना, एक उदाहरण, की लगेच पुढचा धडा. हे पुस्तक त्या अर्ध्या पानाबद्दल आहे.

काढणं म्हणजे भर घालण्याची उलटी क्रिया, असं नवा शिकणारा धरून चालतो. पण भर घालताना ठरवायचं असतं ते एवढंच, की कुठे घालायचं. काढायला गेलं की प्रश्न वाढत जातात. नेमकं कोणतं काढायचं? सारखेच दोन घटक असतील तर पहिला काढायचा की दोन्ही? काढायचं ते यादीत नसेलच तर गप्प बसायचं की ओरडायचं? मागच्यांनी पुढे सरकायचं का? त्याच वेळी दुसरं कुणी तीच यादी वाचत असेल तर त्याला काय दिसलं पाहिजे? आणि काढलेलं उद्या परत हवं झालं तर? प्रत्येक प्रोग्रामिंग भाषेनं या प्रश्नांची आपापली उत्तरं दिली आहेत, आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत. एका भाषेत पाठ केलेलं उत्तर दुसऱ्या भाषेत नेलं की प्रोग्राम चुकतो, आणि बरेचदा मुकाट्यानं चुकतो.

हे पुस्तक बंगळुरूत तयार झालं. कोल्हापूर, सांगली, सोलापूर, बेळगाव, निपाणी या भागांतून रात्रीच्या बसनं इथे उतरणाऱ्या मुलामुलींसाठी ते आहे. इलेक्ट्रॉनिक सिटी किंवा मारथहळ्ळीच्या एखाद्या पीजीत खाट मिळवायची, दिवसा मुलाखती द्यायच्या आणि रात्री लॅपटॉप उघडून सराव करायचा, असे यांचे पहिले काही महिने जातात. या मुलाखतींत यादीचा प्रश्न हमखास येतो: दिलेल्या यादीतून दुबार नोंदी काढा, शून्यं काढा, शेवटून अमुकवा घटक काढा. मुलं उत्तरं पाठ करून जातात. मुलाखत घेणारा आकडे थोडे बदलतो आणि पाठांतर कोसळतं. या मुलांना इंग्रजी वाचता येतं, पण अडलं की ती मनातल्या मनात मराठीतच विचार करतात. तो विचार धरून ठेवायला मराठी पुस्तक हवं, असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात पायथनपासून केली आहे. आज पुष्कळांची पहिली भाषा तीच असते. बंगळुरूशी तिचं जुनं नातंही आहे: भारतातली पहिली पायकॉन परिषद 2009 च्या सप्टेंबरमध्ये इथल्या भारतीय विज्ञान संस्थेत भरली होती. पायथनच्या यादीतून काढायला मुख्य मार्ग तीन. 'रिमूव्ह'ला किंमत सांगायची; ती किंमत जिथे पहिल्यांदा सापडेल तिथली एकच नोंद जाते, आणि कुठेच नसेल तर एरर येतो. 'पॉप'ला जागा सांगायची. तो घटक काढतो आणि आपल्या हातातही देतो, आणि जागा सांगितलीच नाही तर शेवटचा देतो. 'डेल'लाही जागा लागते, पण एकाच फटक्यात सलग तुकडाही काढता येतो आणि हातात काही मिळत नाही. एवढं कुठल्याही पुस्तकात सापडतं. पुढची गोष्ट जरा सावकाश बघू.

पाच विद्यार्थ्यांचे गुण आहेत: 35, 12, 18, 60, 22. पस्तीसपेक्षा कमी असलेले काढून टाकायचे. नवा शिकणारा जे लिहितो ते सरळ असतं: यादीवर लूप फिरव, प्रत्येक आकडा पाहा, पस्तीसपेक्षा कमी असेल तर रिमूव्ह कर. वाचताना यात काहीही खटकत नाही. चालवून पाहा. उत्तर येतं 35, 18, 60. अठरा तसाच राहिला.

काय झालं ते कागदावर मांडता येतं. लूप स्वतःजवळ फक्त एक आकडा ठेवतो, पुढे कोणत्या जागी पाहायचं याचा. शून्याव्या जागी 35 आहे, तो राहतो. पहिल्या जागी 12 आहे, तो जातो, आणि तो गेल्याबरोबर मागचे सगळे एकेक घर पुढे येतात. यादी आता 35, 18, 60, 22 अशी आहे. लूपला मात्र यातलं काहीच माहीत नाही. तो ठरल्याप्रमाणे दुसऱ्या जागी जातो, आणि तिथे 60 आहे. 18 आता पहिल्या जागी बसला आहे, जी जागा लूपनं मघाशीच तपासून मागे टाकली. तिसऱ्या जागी 22 सापडतो आणि जातो. यादी संपते. अठराकडे कुणी पाहिलंच नाही.

आता दुसरी यादी घ्या: 12, 60, 18, 70. तोच कोड, तीच अट. उत्तर 60, 70, म्हणजे अगदी बरोबर. इथेही लूपनं घटक गाळलेच आहेत. 12 गेल्यावर 60 न तपासताच मागे पडला, 18 गेल्यावर 70 मागे पडला. ते दोघे तसेही राहणारच होते, म्हणून चूक दिसली नाही. काढायचे दोन घटक शेजारीशेजारी आले तरच हा बग तोंड वर काढतो. म्हणून तो घरी केलेल्या चाचणीत सापडत नाही. चाचणीसाठी आपण चारपाच आकडे मनानं लिहितो, आणि मनानं लिहिताना चांगले-वाईट आलटूनपालटून लिहायची सवय असते. खऱ्या डेटात नापास झालेले एकापाठोपाठ येतात, रद्द झालेल्या ऑर्डरी एकापाठोपाठ येतात, बंद पडलेली खाती एकापाठोपाठ येतात.

पायथन इथे तक्रार करत नाही. जावा करते. जावाची यादी स्वतःत झालेल्या बदलांची मोजणी ठेवते, आणि लूप चालू असताना बाहेरून काही काढलं गेलं तर लूपच्या पुढच्या पावलाला 'कॉन्करंट मॉडिफिकेशन एक्सेप्शन' फेकते. नाव लांबलचक आहे, काम भलं आहे: लवकर पड, म्हणजे लवकर कळेल. पण या पहाऱ्यातही एक फट आहे, आणि ती या पुस्तकात सविस्तर दाखवली आहे. नेहमीच्या ॲरेलिस्टमधला शेवटून दुसरा घटक काढला, तर यादीची लांबी नेमकी लूपच्या चालू आकड्याइतकी होते. लूपला वाटतं, संपलं. एक्सेप्शन येत नाही आणि शेवटचा घटक न तपासता सुटतो. जावातलाच आणखी एक सापळा असा, की पूर्णांकांच्या यादीत 'रिमूव्ह'ला नुसता 1 दिला तर किमतीनं 1 असलेला घटक जात नाही, पहिल्या जागेवरचा जातो. पायथनकडून जावाकडे आलेली मुलं इथे हमखास अडकतात, कारण पायथनमध्ये त्याच नावाची क्रिया किंमत शोधते.

सी प्लस प्लसनं वेगळीच वाट धरली, आणि ती मला सगळ्यांत जास्त शिकवून गेली. तिच्या प्रमाणित ग्रंथालयात, ज्याचा पाया अलेक्झांडर स्टेपानोव्ह यांनी घातला, 'रिमूव्ह' नावाचं फंक्शन आहे आणि ते यादी लहान करतच नाही. राहणारे घटक ते पुढे आणून लावतं आणि कामाची यादी कुठे संपते ती जागा सांगतं. मागची शेपटी तशीच लोंबत राहते. ती कापायला 'इरेझ' वेगळं बोलवावं लागतं. या जोडगोळीनं प्रोग्रामरांच्या पिढ्या गोंधळल्या, आणि अखेर 2020 च्या प्रमाणात दोन्ही कामं एकत्र करणारं सोपं फंक्शन आलं. पण मूळ रचनेमागचा विचार पक्का होता. कोण राहणार हे आधी पूर्ण ठरवा. जागा रिकामी करायचं काम त्यानंतर.

या पुस्तकाचं म्हणणं हेच आहे, आणि ते पहिल्याच पानांत सांगून टाकतो. काढण्यात दोन कामं असतात: कोण जाणार हे ठरवणं, आणि त्याला प्रत्यक्ष हलवणं. ही दोन्ही एकाच फेरीत, एकमेकांत गुंतवून केली की घोटाळा होतो. वरच्या उदाहरणात अठरा वाचला तो त्यामुळेच. ठरवण्यासाठी चाललेल्या लूपच्या पायाखालून हलवण्याच्या कामानं जमीन ओढून घेतली.

दोन्ही वेगळी करायचे मार्ग सोपे आहेत. सगळ्यांत साधा म्हणजे जुन्या यादीला हात न लावता राहणाऱ्यांची नवी यादी बनवायची. पायथनमध्ये ती एका ओळीत होते आणि वाचणाऱ्यालाही कळते. दुसरा, यादीची प्रत काढून प्रतीवर फिरायचं आणि मुळातून काढायचं. चालतं, पण किमतीनं काढत असाल तर सारख्या किमतीच्या घटकांशी सांभाळून. तिसरा, शेवटाकडून सुरुवातीकडे जागेच्या आकड्यानं फिरायचं. काढल्यावर सरकतात ते मागचे घटक, आणि ते आपण आधीच तपासलेले असतात, म्हणून काही सुटत नाही. हा तिसरा मार्ग मुलांनी एकदा तरी हातानं करून पाहावा, असा माझा आग्रह आहे. का चालतो हे समजलं, की पुढून फिरताना का बिघडतं हेही पुन्हा समजवावं लागत नाही.

नव्या यादीच्या मार्गातही एक खाच आहे. पायथनमध्ये एकाच यादीला दोन नावं असू शकतात. एका फंक्शनला यादी दिली, त्यानं आत नवी गाळलेली यादी बनवून त्याच नावाला चिकटवली, तर बाहेरच्याच्या हातात जुनीच यादी राहते. त्याला वाटतं काढलं, प्रत्यक्षात काही गेलेलं नसतं. मूळ यादीच्या आतला मजकूर बदलायचा असेल तर तसं स्पष्ट लिहावं लागतं. पुस्तकातलं चौथं प्रकरण पूर्ण यावरच आहे. नोकरीतल्या पहिल्या वर्षात मुलं ज्या बगांवर रात्री घालवतात त्यांत हा फार वर बसतो.

वेगाबद्दल थोडक्यात. पायथनची यादी मेमरीत सलग जागेत असते. पहिला घटक काढला की बाकी सगळे एकेक घर सरकतात. एक लाख घटकांची यादी पुढून एकेक करत रिकामी केली तर सुमारे 500 कोटी सरकवण्या होतात. नवी यादी बनवायला एक लाख तपासण्या पुरतात. पुढूनच काढत राहायचं असेल तर त्यासाठी 'डेक' नावाची वेगळी रचना आहे, ती वापरावी.

सलग जागेचा हा त्रास प्रोग्रामरांना फार लवकर जाणवला होता. 1956 च्या सुमाराला ॲलन न्यूवेल, क्लिफ शॉ आणि हर्बर्ट सायमन तर्कशास्त्रातली प्रमेयं सिद्ध करणारा प्रोग्राम लिहीत होते. त्यांच्या याद्या सतत वाढत आणि आटत. त्यांनी प्रत्येक घटकासोबत पुढच्या घटकाचा पत्ता ठेवला. आता घटक कुठेही असोत, मधला काढायचा तर आधीच्याला सांगायचं, तुझा पुढचा आता हा. कुणीच सरकत नाही. आपण आज जिला लिंक्ड लिस्ट म्हणतो ती ही.

सरकवणं वाचलं, पण नवा प्रश्न उभा राहिला: साखळीतून सुटलेल्या घटकाची मेमरी परत कुणी करायची? आधी ते प्रोग्रामरचंच काम होतं, आणि माणूस ते विसरतो. जॉन मॅकार्थी यांनी लिस्प ही भाषा रचली आणि 1960 साली तिच्यावरचा निबंध प्रसिद्ध केला, त्यात यावरचा उपाय होता. मेमरी संपत आली की मशीननं स्वतःच थांबायचं, प्रोग्रामच्या हातात असलेल्या याद्यांपासून सुरुवात करून जिथे जिथे पोहोचता येतं तिथे खूण करायची, आणि मग बिनखुणेची सगळी घरं मोकळ्या घरांच्या यादीत टाकायची. इथेही आधी खूण, मग झाडणं. पायथन, जावा, जावास्क्रिप्ट या भाषांत मेमरी परत करायची काळजी आपल्याला करावी लागत नाही, त्याची मुळं या निबंधात आहेत.

सी आणि सी प्लस प्लसमध्ये ती काळजी अजून माणसाच्याच माथी आहे. साखळीतून घटक काढला, त्याची मेमरी परत केली, आणि कुठेतरी एक विसरलेला पॉइंटर अजून त्या जुन्या जागेकडे बोट दाखवत राहिला, तर हल्लेखोराला आत शिरायला दार मिळतं. गूगलच्या क्रोम गटानं 2020 मध्ये आपल्या गंभीर सुरक्षा-बगांचा हिशेब मांडला होता. त्यांतले सुमारे 70 टक्के मेमरी चुकीची हाताळल्यामुळे झालेले होते, आणि त्यांतले निम्मे या एकाच प्रकारचे, परत केलेली मेमरी पुन्हा वापरण्याचे. लिनक्सच्या गाभ्यात यासाठी एक खबरदारी आहे: यादीतून घटक काढला की त्याच्या दोन्ही पॉइंटरांत मुद्दाम निरुपयोगी पत्ते भरून ठेवतात. कुणी चुकून त्या घटकावरून पुढे जायला गेला तर तिथल्या तिथे कोसळतो आणि चूक पकडली जाते.

याच्या अगदी उलट एक कल्पना आहे, आणि या सगळ्या विषयात मला सर्वांत सुंदर वाटते ती हीच. दुहेरी साखळीत प्रत्येक घटकाला आपला डावा आणि उजवा शेजारी माहीत असतो. मधला घटक काढायचा तर डाव्याला सांगायचं, तुझा उजवा आता पलीकडचा. उजव्याला सांगायचं, तुझा डावा आता अलीकडचा. दोन ओळींचं काम. पण काढलेल्या घटकाला आपण हातच लावलेला नाही. तो साखळीबाहेर आहे, तरी त्याला आपले दोन्ही शेजारी आठवतात. म्हणून आणखी दोन ओळींत त्याला नेमक्या त्याच जागी परत बसवता येतं: तुझ्या डाव्याला सांग, तुझा उजवा मी, तुझ्या उजव्याला सांग, तुझा डावा मी. शोधायला नको, सरकवायला नको. हितोत्सुमात्सू आणि नोशिता या जपानी संशोधकांनी 1979 मध्ये ही युक्ती मांडली, आणि डोनाल्ड कनुथ यांनी 2000 साली तिच्यावर निबंध लिहून तिला 'डान्सिंग लिंक्स' म्हटलं. सुडोकूसारखी कोडी सोडवताना एक पर्याय धरून बघायचा, त्याच्याशी न जुळणारे सगळे यादीतून काढायचे, वाट खुंटली की सगळे परत बसवायचे आणि दुसरा पर्याय धरायचा, असं लाखो वेळा करावं लागतं. अट एकच: ज्या क्रमानं काढले त्याच्या बरोबर उलट क्रमानं परत बसवायचे. क्रम चुकला तर शेजाऱ्यांच्या आठवणी खोट्या ठरतात. वाचकांनी पाच चिठ्ठ्या घेऊन हे टेबलावर करून पाहावं, आणि मग एकदा मुद्दाम चुकीच्या क्रमानं.

लिनक्सनं पत्ते पुसायचे आणि कनुथनं जपायचे, यात विरोध नाही. कोणती गोष्ट परत येऊ शकते आणि कोणती येता कामा नये, हे दोघांनी आधी ठरवलं होतं.

यादी एकाच मशीनवर असेल तोवर हे सगळं आटोक्यात राहतं. तिच्या प्रती दहा मशीनवर असल्या की काढणं फारच अवघड होतं. ॲमेझॉनच्या अभियंत्यांनी 2007 मध्ये आपल्या 'डायनॅमो' प्रणालीवर निबंध लिहिला, त्यात खरेदीच्या टोपलीचं उदाहरण आहे. टोपलीच्या दोन प्रती वेगवेगळ्या झाल्या तर त्या एकत्र करताना भर घातलेली वस्तू कधीच हरवत नाही, पण काढून टाकलेली वस्तू कधीकधी परत उगवते, असं त्यांनी मोकळेपणानं लिहून ठेवलं आहे. कारण उघड आहे. एका प्रतीत वस्तू आहे, दुसरीत नाही. ती दुसरीत अजून पोहोचलीच नाही की तिथून काढली गेली, हे नुसत्या नसण्यावरून कळत नाही. म्हणून कॅसांड्रासारख्या डेटाबेसमध्ये नोंद काढली की तिच्या जागी 'टूम्बस्टोन' म्हणजे समाधीचा दगड बसतो: इथे काही होतं, अमुक वेळी काढलं. तो दगड ठरावीक मुदतीपर्यंत राहतो, मूळ मांडणीत 10 दिवस. तोपर्यंत निधनाची बातमी सगळ्या प्रतींपर्यंत पोहोचेल असं धरायचं, आणि त्यानंतरच जागा खरोखर मोकळी करायची.

इथवर आलेल्या वाचकाला मी थोडं तांत्रिक पानांबाहेर नेणार आहे, कारण इथली मुलं पुढे ज्या याद्या सांभाळणार आहेत त्यांतल्या पुष्कळ माणसांच्या असतील.

आधारची सुरुवात महाराष्ट्रात झाली. 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात पहिले क्रमांक दिले गेले. आधारचं तंत्रज्ञान केंद्र बंगळुरूत आहे. या यादीत नाव घालण्यापूर्वी ते आधीच आहे का हे बोटांच्या ठशांवरून आणि डोळ्यांवरून तपासलं जातं, म्हणजे दुबार नोंद काढण्याचा मुलाखतीतला प्रश्नच, फक्त अब्जाच्या आकारात. आणि माणूस गेल्यावर? 2025 च्या जुलैमध्ये आधार प्राधिकरणानं जाहीर केलं, की सुमारे 1.17 कोटी मृतांचे क्रमांक निष्क्रिय केले आहेत. 2016 च्या आधार कायद्यातच लिहिलं आहे, की एकाला दिलेला क्रमांक पुन्हा दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही. घर रिकामं होतं, पण मागचे पुढे सरकत नाहीत. पायथनच्या यादीत जागेचा आकडा हीच ओळख धरणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामरनं ही एक तरतूद भिंतीवर लावून ठेवावी.

आपल्या तलाठ्यांना हे संगणकाच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं. सातबाऱ्यावरचं नाव कधी खरडून काढत नाहीत. जमीन विकली, वारस लागले, बोजा फिटला, तर आधी गाव नमुना 6 मध्ये फेरफार पडतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला 15 दिवस मिळतात, आणि मंडळ अधिकाऱ्यानं नोंद प्रमाणित केल्यावरच जुन्या नावाला कंस होत असे. शेजारी फेरफाराचा क्रमांक असतो. 2020 साली सातबाऱ्याचा नमुना बदलला तेव्हा कंसाच्या जागी नावावर आडवी रेष आली, पण नाव वाचता येतंच. पन्नास वर्षांनी कुणी विचारलं, की आजोबांचं नाव का गेलं, तर त्या क्रमांकावरून मागे जाता येतं. ठरवणं एका वहीत, हलवणं दुसऱ्या वहीत. डेटाबेसच्या वर्गात हेच तत्त्व मोठ्या नावांनी शिकवतात. मी शिकवतो तेव्हा सातबाऱ्याचा उतारा समोर ठेवतो, आणि शेतकऱ्यांच्या घरातल्या मुलांना ते सगळ्यांत आधी समजतं.

ही शिस्त मोडली की काय होतं याचं उदाहरण उत्तर प्रदेशातल्या आझमगढच्या लाल बिहारी यांचं आहे. जमिनीसाठी नातेवाइकांनी त्यांना कागदोपत्री मृत दाखवलं. 1975 पासून 1994 पर्यंत ते सरकारी दप्तरी मेलेले होते, आणि आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायला त्यांना जवळजवळ दोन दशकं लढावं लागलं. बंगळुरूतही 2022 च्या नोव्हेंबरमध्ये मतदारांची माहिती गोळा करण्यावरून वाद झाला, तेव्हा निवडणूक आयोगानं शिवाजीनगर, चिकपेट आणि महादेवपुरा या तीन मतदारसंघांतल्या नव्यानं घातलेल्या आणि वगळलेल्या नावांची पुन्हा तपासणी करायला सांगितलं. मतदार यादीतून नाव काढायला अर्ज 7 आहे, नोटीस आहे, सुनावणी आहे. महादेवपुऱ्यात व्हाइटफील्ड येतं, म्हणजे ज्यांच्यासाठी हे पुस्तक आहे त्यांच्यातले कित्येक जण तिथेच कामाला जातात.

मग सगळं कायम जपूनच ठेवायचं का? तेही नाही, आणि हा धडाही याच शहरातून आला. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी बंगळुरूत राहत. आधारविरुद्ध त्यांनी 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. तिच्यातून 24 ऑगस्ट 2017 चा खासगीपणाच्या मूलभूत हक्काचा निकाल आला. पुढे 26 सप्टेंबर 2018 च्या निकालात आधार टिकलं, पण आधार पडताळणीच्या नोंदी पाच वर्षं ठेवायची तरतूद रद्द झाली आणि सहा महिन्यांपलीकडे त्या ठेवायच्या नाहीत असं न्यायालयानं ठरवलं. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं माणसाला आपली माहिती पुसून घेण्याचा हक्क दिला. तिथे नुसती आडवी रेष चालणार नाही. खूण केलेली नोंद बॅकअपमध्ये, लॉगमध्ये, कुणाच्या तरी लॅपटॉपवरच्या प्रतीत पडून असेल तर ती काढलेली नाही. पुसण्याचा हक्क आला की प्रोग्रामरला आपल्या याद्यांच्या सगळ्या प्रती कुठे आहेत हे माहीत असावं लागतं, आणि ते यादी बनवतानाच लिहून ठेवलं नसेल तर नंतर शोधणं फार जड जातं. शेवटची दोन प्रकरणं याच्यावर आहेत. ती मुलाखतीत विचारली जाणार नाहीत. तरी गाळू नका, अशी विनंती आहे.

पुस्तक कसं वाचावं याबद्दल थोडं. पहिल्या तीन प्रकरणांना संगणक लागत नाही, कागद आणि पेन्सिल लागते. प्रत्येक उदाहरण आधी हातानं चालवा, प्रत्येक पावलाला यादी पुन्हा लिहा, उत्तर मांडा आणि मगच मशीनवर ताडून पाहा. पायथनची उदाहरणं तिसऱ्या आवृत्तीतल्या कुठल्याही उपआवृत्तीवर चालतात. जावाच्या उदाहरणांत 'रिमूव्ह इफ' वापरलं आहे, ते 2014 च्या आठव्या आवृत्तीत आलं, म्हणून त्याहून जुनी चालणार नाही. सरावाच्या प्रत्येक प्रश्नासोबत चार याद्या दिल्या आहेत: रिकामी, एकाच घटकाची, सगळेच काढायचे असलेली, आणि काढायचे घटक शेजारीशेजारी आलेली. तुमचा कोड चारींवर चालवा. चौथीवर अडला तर दुसऱ्या प्रकरणातलं पाच गुणांचं उदाहरण पुन्हा उघडा.